कर्जत ते लोणावळा, मागून

मी रेल्वेत ड्रायव्हर होतो असं सांगितलं की समोरचा माणूस जरा सरसावून बसतो. कुठली गाडी, स्पीड किती, दिल्लीपर्यंत नेली का, असे प्रश्न सुरू होतात. मी चौतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली एकोणतीस वर्षं कर्जत ते लोणावळा एवढाच प्रवास केला. अंतर अठ्ठावीस किलोमीटर. तेही मागून.

हे 'मागून' नीट सांगावं लागतं. मुंबईकडून पुण्याला येणारी गाडी कर्जतला थांबते, प्रवासी वडापाव घ्यायला खाली उतरतात आणि तेवढ्यात गाडीच्या शेपटाला दोन-तीन इंजिनं जोडली जातात. पुढे बोरघाटाचा चढ असतो आणि तो एकट्या पुढच्या इंजिनाच्याने होत नाही. पुढचं ओढतं, आम्ही रेटतो, अशी ती गाडी धापा टाकत लोणावळ्याला येते. तिथे आम्हाला सोडवतात. गाडी पुण्याला, सोलापूरला, पार मद्रासपर्यंत निघून जाते आणि आम्ही मोकळी इंजिनं घेऊन परत कर्जतला उतरतो, पुढची गाडी ढकलायला. या इंजिनांना बँकर म्हणतात. प्रवाशांना आम्ही माहीत असतो ते फक्त जोडतानाच्या धक्क्यामुळे. त्या धक्क्याने कुणाचा तरी चहा सांडतो आणि तो माणूस आम्हाला शिव्या देतो. एवढीच आमची ओळख.

गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक मोठी पिवळी फुली असते. गाडी सगळी गेली, मध्येच डबे सुटून राहिले नाहीत, हे स्टेशनवाल्यांना कळावं म्हणून ती काढलेली. पुढच्या ड्रायव्हरला घाटात दऱ्या दिसतात, धबधबे दिसतात, सिग्नल दिसतात. मला एकोणतीस वर्षं ती फुली दिसली. शाळेत गणिताच्या वहीत गुरुजी मारायचे तसलीच, फक्त माणसाच्या उंचीची. माझं गणित कच्चं होतं, त्यामुळे मला फारसं परकं वाटलं नाही.

पुढचा ड्रायव्हर वॉकीटॉकीवर सांगणार, "बँकर, पॉवर घ्या." मी म्हणणार, "घेतली." तो म्हणणार, "कमी करा." मी म्हणणार, "केली." स्वतःच्या मनाने काही करायचं नाही. लग्न झालं तेव्हा संसाराची ही पद्धत मला मुळीच नवी वाटली नाही.

मेल-एक्सप्रेसवर जायची संधी मला मिळाली नाही असं नाही. दोनदा मिळाली. पहिल्या वेळी मुलीची दहावी आहे असं मी वर कळवलं. दुसऱ्या वेळी कळवायला काही नव्हतं, तरी मी गेलो नाही. खरं सांगायचं तर घराजवळची ड्युटी, बायकोच्या हातचं जेवण आणि आपली गादी यांतून माझा पाय निघेना. शिवाय पुढे बसलं की जबाबदारी पुढच्याची असते, हेही मला चांगलं कळत होतं.

स्वतःबद्दल सांगण्यासारखं काही नसल्यामुळे मी लाइनीचा इतिहास सांगू लागलो. लग्नात, बारशात, दहाव्याला, कुठेही. इंग्रजांच्या काळात खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला नेऊन थांबवायचे, इंजिन दुसऱ्या बाजूला लावायचे आणि मग ती उलट्या तोंडाने वर चढायची, हे मी हातवारे करून दाखवतो. घाट फोडताना कित्येक हजार मजूर पटकीने आणि सुरुंगाने मेले, हे सांगताना आवाज खाली आणतो. घाट उतरणाऱ्या गाडीला मध्येच थांबून ब्रेक दाखवावा लागतो आणि जी थांबणार नाही तिच्यासाठी डोंगरावर चढणारी एक आडवाट कायम लावून ठेवलेली असते, हे ऐकून तर बायका घास हातात धरून बसतात. जुना डीसी करंट जाऊन एसी कसा आला, इथपर्यंत मी येतो तोवर पंगत उठलेली असते. एवढं सगळं सांगण्यात मी स्वतः गाडीत नेमका कुठे बसायचो, हे विचारायचं लोक विसरून जात. ते विसरावेत म्हणूनच मी सांगत होतो.

आमचं गाव आंदर मावळात. एसटी दिवसातून दोनदा आली तर नशीब. नोकरी लागली तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरोघरी पेढे वाटले. देवळापुढे बसलेल्या मंडळींतून कुणीतरी विचारलं, गाडी तूच चालवतो का? मी 'व्हय' म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं. कुठून चालवतो हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुढे रेल्वेने ड्रायव्हरचं नाव बदलून लोको पायलट केलं. पायलट म्हटल्यावर तर गावात माझा भाव एकदम विमानाच्या दराला जाऊन भिडला.

खरी थाप मी नंतर मारली. बाजाराच्या दिवशी आबा तांदूळ घेऊन कामशेतला जात. काम आटोपलं की प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाऊन उभे राहत आणि लांबची एक्सप्रेस आली की इंजिनाला हात करत. एकदा मी गावी गेलो तर ओसरीवर बसल्या बसल्या ते म्हणाले, "मंगळवारी तुजी गाडी बगितली. म्या हात केला. तू शिट्टी दिलीस."

त्या मंगळवारी मी कर्जतच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, पांघरूण घेऊन झोपलो होतो. आणि कामशेत तर लोणावळ्याच्याही पुढे, पुण्याच्या बाजूला. तिथे माझं इंजिन जन्मात गेलं नव्हतं. आबांच्या तोंडावर असा काही आनंद होता की मी म्हणालो, "व्हय आबा, दिसला तुमी."

हे बोलायला दोन सेकंद लागले असतील. निभवायला सव्वीस वर्षं लागली. आबा दर बाजाराला हात करत राहिले. म्हातारा माणूस हात करतोय म्हटल्यावर कुणीही भला ड्रायव्हर एक बारीक शिट्टी देतोच. मी गावी गेलो की आबा हिशेब सांगावा तसे सांगत: दुपारच्याला तू व्हतास, पर संध्याकाळी दुसराच कुनीतरी व्हता, त्यानं शिट्टी न्हाई दिली. मी मान डोलवायचो. कामशेतवरून कुठली गाडी किती वाजता जाते याचा एक तक्ता मी घरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. गावी जाण्याआधी परीक्षेला बसल्यासारखा तो पाठ करायचो.

एकदा सिग्नलमुळे गाडी तिथे हळू झाली आणि आबांना ड्रायव्हर जरा नीट दिसला. पुढच्या वेळी त्यांनी विचारलं, चष्मा कधी लागला? माझे डोळे रेल्वेच्या डॉक्टरने दरवेळी पहिल्या दर्जाचे ठरवले होते. मी म्हणालो, आत्ताच लागला. मग लोणावळ्याच्या बाजारात जाऊन बिननंबरी चष्मा विकत घेतला आणि पुढची काही वर्षं गावी जाताना तो घालून जाऊ लागलो. तो चष्मा घातला की मला उगाच ठेच लागायची. आणखी एकदा आबा म्हणाले, इंजिनात बाई बसली होती, तू कुठं होतास? ती माझ्या हाताखाली शिकतेय, असं मी सांगितलं. त्या बाईने हे ऐकलं असतं तर मला इंजिनासमोर उभा केला असता, आणि ते बरोबरच झालं असतं.

माझ्या बायकोला सगळं माहीत होतं. ती तळेगावची, सरळ बोलणारी. ती म्हणायची, अहो, एकदा सांगून मोकळे व्हा, ते काही खाणार नाहीत तुम्हाला. मी म्हणायचो, पुढच्या खेपेला सांगतो. आबांचं मागणं फार मोठं नव्हतं. त्यांना फक्त एकदा मला गाडी चालवताना बघायचं होतं. कधी म्हणत, तुझ्या गाडीत बसव. कधी म्हणत, नुसतं स्टेशनात उभं राहून बघतो. मी नियम सांगायचो. रेल्वेत नसलेले इतके नियम मी त्या काळात तयार केले की त्यांचं एक पुस्तक झालं असतं.

मग माझी रिटायरमेंट आली. शेवटच्या ट्रिपला ड्रायव्हरचं इंजिन झेंडूच्या माळांनी सजवायची आमच्याकडे पद्धत आहे. घरची माणसं स्टेशनावर येतात, हार घालतात, फोटो काढतात. मी घरात कुणाला काही कळवलं नव्हतं. आदल्या दिवशी जेवताना बायकोने शांतपणे सांगितलं की तिने गावी फोन केलाय, आबा आणि भावकीतली चार माणसं जीप करून सकाळी लोणावळ्याला येणार आहेत. मी घास गिळला. ती म्हणाली, "सांगायचं असेल तर आज रात्री फोनवर सांगा. नाहीतर उद्या ते स्वतःच बघतील. मला आता हे बघवत नाही. ऐंशी ओलांडलेला माणूस उन्हात उभा राहून परक्यांना हात करतो."

मी फोन उचलला, आबांनी तब्येत विचारली, मी बरी आहे म्हणालो, त्यांनी कोणता सदरा घालू ते विचारलं, मी पांढरा घाला म्हणालो आणि फोन ठेवून दिला.

सकाळी कर्जतला आमच्यातल्या तरुण ड्रायव्हर पोरांनी माझ्या इंजिनाला भरपूर माळा घातल्या होत्या. मोटारींची पूजा होते तसं नारळ-हळदकुंकू झालं. मला पेढा भरवला. मी हसून तो खाल्ला. गाडी आली, आम्ही मागे लागलो, धक्का बसला, कुणाचा तरी चहा नेहमीप्रमाणे सांडला असणार. पुढून आवाज आला, बँकर, शेवटची ट्रिप ना, अभिनंदन. मी थँक्यू म्हणालो.

गाडी घाट चढत होती आणि मी हिशेब करत होतो. आबा हार घेऊन पुढच्या इंजिनापाशी जाणार. का जाणार नाहीत? ड्रायव्हर पुढेच असतो हे सगळ्या जगाला माहीत आहे. मी असणार मागे, चोवीस डब्यांच्या पलीकडे, प्लॅटफॉर्मच्याही बाहेर. मंकी हिलजवळ मी वॉकीटॉकी हातात घेतला. पुढच्याला एवढंच सांगायचं होतं की लोणावळ्याला एक म्हातारे गृहस्थ हार घेऊन येतील, तो घ्या आणि मी आत काम करतोय असं सांगा. बटण दाबलंही. पुढून विचारणा झाली, बोला बँकर. मी म्हणालो, काही नाही, सेट चेक करतोय. इथे मला सद्बुद्धी सुचली असं लिहायला आवडलं असतं. खरं कारण असं की त्या सेटवरचं बोलणं गार्डला ऐकू जातं आणि स्टेशनलाही. सव्वीस वर्षांची थाप सगळ्या सेक्शनला ऐकवायची माझी तयारी नव्हती.

लोणावळ्याला गाडी थांबली. इंजिनं जोडणाऱ्या-सोडणाऱ्या माणसाने रुळांत उतरून आम्हाला सोडवलं. मला सगळं टाकून पळत सुटायचं होतं, पण इंजिनं बाजूच्या लाइनीवर नेऊन दुसऱ्या ड्रायव्हरच्या ताब्यात दिल्याशिवाय उतरता येत नाही. हा नियम मात्र खरा होता. तेवढ्यात पुढून शिट्टी झाली, ती पिवळी फुली माझ्या डोळ्यांसमोरून दूर दूर गेली आणि गाडी पुण्याकडे निघून गेली. ताबा देऊन मी प्लॅटफॉर्मवरून चालू लागलो. गळ्यात कर्जतच्या पोरांचा हार, हातात डबा आणि पिशवी. चिक्की विकणारा एकजण म्हणाला, काका, निवडून आलात का?

अगदी पुढच्या टोकाला आमची मंडळी उभी होती. आबा पांढऱ्या सदऱ्यात, हात मोकळे. हार नव्हता. काय झालं ते बायकोने मला हळू आवाजात सांगितलं. गाडी थांबल्यावर आबा कुणालाही न जुमानता इंजिनाच्या खिडकीखाली गेले. ड्रायव्हर वाकला आणि आबांना बघून त्याने हसून विचारलं, कामशेतला हात करता ते आबा ना तुम्ही, आज इथे कसे? तोवर आबांनी हार वर केला होता. त्याला वाटलं, आपल्यालाच आहे. त्याने मान खाली केली. सिग्नल पडला. माझ्या सत्काराचा हार पुण्याला गेला, जिथे माझं इंजिन कधी गेलं नाही.

आबांनी माझ्याकडे बघितलं. "त्यो तू न्हवतास," ते म्हणाले.

"न्हाई. मी मागं व्हतो."

"आज मागं?"

"कायम मागंच व्हतो आबा. घाट चढवायला मागनं इंजिन लागतं. कामशेतला मी कदीच आलो न्हाई."

भावकीतली माणसं वेळापत्रकाच्या फलकाकडे बघू लागली. प्लॅटफॉर्मवरून चालत येताना मी एक वाक्य तयार केलं होतं, ते आता बाहेर काढलं. म्हणालो, नांगर धरणारा बी मागंच असतो की आबा, बैल म्होरं असत्यात. मला ते वाक्य फार आवडलं होतं. जन्मभर शेती केलेल्या माणसाला ते लगेच पटेल असा माझा अंदाज होता.

आबांनी थोडा विचार केला. "नांगऱ्याला म्होरचं समदं दिसतं," ते म्हणाले. "तुला काय दिसायचं?"

"डबा," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं विचारलं, "मग इतकी वरसं मी हात कुनाला करत व्हतो?"

हे माझ्या तक्त्यात नव्हतं, इतिहासात नव्हतं. मग ते म्हणाले, बरं, तुझं इंजिन तरी दाखव. मी त्यांना हात धरून प्लॅटफॉर्मच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालवत नेलं. चोवीस डब्यांचं अंतर आहे, मध्ये दोनदा बाकावर बसावं लागलं. पोचलो तेव्हा लाइन मोकळी होती. कर्जतला पुढची गाडी वाट बघत होती म्हणून ती इंजिनं माझ्या झेंडूच्या माळांसकट घाट उतरून गेली होती. रुळांमध्ये थोडी फुलं पडली होती. माझ्या बापाने मला गाडी चालवताना कधी बघितलं नाही आणि आता बघायचा काही मार्ग उरला नव्हता. एकदा खरं बोललो असतो तर एकोणतीस वर्षांत कुठल्याही दिवशी त्यांना इथे आणून उभं करता आलं असतं. मला तिथे मोठ्याने रडायला आलं आणि गळ्यात हार असल्यामुळे ते फार विचित्र दिसत असणार.

आबा त्याच जीपने गावी गेले. जेवायला थांबले नाहीत.

त्यानंतरचे दोन बाजार मी घरीच बसून काढले. तिसऱ्या बाजाराला सकाळची लोकल पकडून कामशेतला उतरलो. आबांनी आता ते सोडून दिलं असेल, तांदूळ विकून थेट घरी गेले असतील, असं मला वाटत होतं. ते प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभे होते. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. त्यांनी मला बघितलं आणि पुन्हा गाडीची वाट बघू लागले. थोड्या वेळाने एक्सप्रेस आली. आबांनी हात वर केला. इंजिनाच्या खिडकीतून एक हात बाहेर आला, बारीक शिट्टी झाली आणि गाडी धडधडत निघून गेली. आबांच्या तोंडावर तोच आनंद होता, जो ओसरीवर मी माझ्या नावावर जमा करून घेतला होता.

मी म्हणालो, आबा, मी तर आता रिटायर झालोय. आता कुणासाठी उभं राहायचं?

"तुज्यासाटी कोन ऱ्हातंय?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. "सव्वीस वरसं त्यांनीच हात केला. वळख न्हाई, पाळख न्हाई, तरी केला. तू कवा केलास?"

मला त्या न पाहिलेल्या सगळ्या ड्रायव्हरांचा हेवा वाटला. पुढची गाडी यायला अजून अवकाश होता. आबांनी तांदळाची रिकामी पोती माझ्या हातात दिली आणि पुन्हा रुळांकडे तोंड करून उभे राहिले.